दारावरचे अठ्ठावन्न

४ एप्रिल

मोडला! अठ्ठावीस वर्षांनी माझा आकडा मोडला. आणि मोडला कुणी, तर माझ्याच पोटच्या पोरीनं.

सकाळी सव्वासातला मी चामड्याच्या खोलीत बसून एका खोगिराचा पट्टा शिवत होते. दाभण अर्धं आत, अर्धं बाहेर. तेवढ्यात फाटकाकडून बाबांची आरोळी — "सत्तावन्न! अगं ए, सत्तावन्न!" तशीच उठले, दाभण अंगठ्यात घुसलं. अंगठा चोखत बाहेर धावले. बघते तर माझी लेक भिंगरी काजळीच्या गळ्यात पडून रडतेय, घोडी फुरफुरतेय, आणि बाबा स्टॉपवॉच कानाला लावून उभे. जणू ते अजून काहीतरी सांगणार आहे!

नवरा माळावरून धापा टाकत खाली आला. "किती? किती?" त्याचं ते 'किती' पलीकडच्या वस्तीपर्यंत पोचलं असणार. शाळेत खेळ शिकवतो, पण शिट्टी कधी विकत घेतली नाही. बाबा त्याला भोंगा म्हणतात, तेही तोंडावर. "या जावईबापू, तुमच्या भोंग्यानंच घोडी पळाली आज!"

मग बाबांनी तबेल्याच्या दारावर, माझ्या कोरलेल्या ५८ च्या खाली, खडूनं ५७ लिहिलं. सात जरा वाकडा आला. शर्यत झाली की चाकूनं कोरायचं. घरचा नियम.

रडले मीही. आनंदानं. बहुतेक आनंदानंच.

५ एप्रिल

इतक्या वर्षांत हे कधी कागदावर आलं नाही, म्हणून आज लिहिते.

माळावर एकटं झाड आहे. तिथून आमच्या फाटकापर्यंत सातशे मीटर — आधी उतार, मग ओढ्याकाठची सपाटी. एकानं झाडापाशी उभं राहून काठीला बांधलेला पांढरा अभ्रा वर धरायचा. अभ्रा खाली आला की घोडा सोडायचा. फाटकापाशी बाबा स्टॉपवॉच घेऊन. अभ्रा उशीचाच, निळ्या दोऱ्याची किनार असलेला. आईनं भरलेली. पहिला अभ्रा कधीच विरला, हा तिसरा. किनार मात्र दर वेळी उसवून नव्यावर शिवली आहे.

आणि नियम असा — दारावरचा आकडा जो मोडेल त्यानं मेच्या शर्यतीत मोठ्या गटात उतरायचं. नाही मोडला तर छोट्या गटात, चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर. मग वय काही का असेना! नियम बाबांचा. "घोडा पळवणं आणि घोड्याबरोबर पळणं यात फरक आहे. आकडा खोटं बोलत नाही."

मी सोळाची होते. तांबडीवर. तांबडी म्हणजे काजळीची पणजी. नोव्हेंबरातली सकाळ, माळावर लख्ख ऊन. आई झाडापाशी अभ्रा घेऊन. माझी आई म्हणजे — घर पेटलं तरी शेजाऱ्याला हळूच कानात सांगेल अशी. आम्ही तिला मोठ्यानं बोलताना कधी ऐकलंच नाही. पण त्या सकाळी अभ्रा खाली आला आणि त्याच क्षणी ती ओरडली — "जाऽऽऽ!" छातीच्या तळापासून. माझ्यासाठी! दोन दिवस तिचा घसा बसला होता. आयुष्यात ती एकदाच ओरडली. ती हाक अजून माझ्या पाठीवर आहे. हात ठेवावा तशी.

शेवटचा टप्पा मला आठवतच नाही. सगळं पांढरं झालं होतं. वेगानं डोळ्यांत पाणी आलं की होतं म्हणे तसं. मला पुन्हा कधी झालं नाही.

अठ्ठावन्न! मग मोठ्या गटात उतरले. पाचवी आले. माझ्याइतकी खूश पाचवी त्या मैदानानं पाहिली नसेल.

पुढच्या वर्षी तांबडीचा पाय दुखावला. मग लग्न, मग भिंगरी, मग आई गेली. राहिला तो दारावरचा आकडा.

८ एप्रिल

वारा. दिवसभर नुसता वारा. गवताच्या पेंढ्या अंगणभर, कोंबड्या उलट्या पिसांनी फिरताहेत. दादासाहेबांनी बाहेर यायला साफ नकार दिला. हे आमचे सव्वीस वर्षांचे निवृत्त घोडे — मान अशी वर, जणू सभेचे अध्यक्ष. तोबरा तोंडाला बांधला की मात्र अध्यक्षपण विसरतात.

बाबा दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या कोटाशी पाच मिनिटं बोलत होते. "काय गं, आज शिवण नाही वाटतं?" मी मागून हसले तर दचकले. मग म्हणाले, "कोट तुझ्यापेक्षा नीट ऐकून घेतो."

११ एप्रिल

आज पुन्हा सत्तावन्न. भिंगरी आता सगळ्यांशी सेकंदांत बोलते. "आई, चहा किती सेकंदांत होईल?" बापाला — "तुमची आंघोळ नऊशे सेकंद चालली." आरशापुढे उभी राहून स्वतःलाच मुलाखत देत होती: "माझ्या यशात माझ्या घोडीचा वाटा मोठा आहे." मी दाराआडून ऐकलं. हसू दाबताना पोट दुखलं.

फॉर्म आला शर्यतीचा. तिनं 'मोठा गट' यावर इतक्या जोरात खूण केली की मागच्या पानावर उमटली.

१२ एप्रिल

खरं लिहायचं तर इथेच लिहायचं.

तीन दिवस मी तबेल्यात जाताना त्या दाराकडे बघत नाही. मान आपोआप दुसरीकडे वळते. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि दोन आकड्यांवर रुसले! लेकीनं आपल्या पुढं जावं असं कुणाला वाटत नाही? मलाही वाटतं. तिनं शिकावं, जग बघावं, माझ्याहून शहाणं व्हावं. फक्त एवढी एक गोष्ट माझी होती. स्वयंपाक, शिवण, पोर, घर यांच्या आधीची. त्या लाकडात कोरलेली एक मुलगी होती आणि ती सगळ्यांत वेगवान होती.

लिहिलं आणि लाज वाटली. पण हलकंही वाटलं.

१५ एप्रिल

आज जे झालं ते आधी सगळ्यांना विनोद वाटलं.

नवऱ्याचा घसा बसला. शाळेत सामने होते, दोन्ही बाजूंनी हाच ओरडत होता. सकाळी उठला तर आवाजाच्या नावानं नुसती फुंकर. बाबा खूश — "आज घरात कसं शांत शांत वाटतंय!" नवरा खुणेनंच काहीतरी म्हणाला, ते मी लिहीत नाही.

खोगिराच्या पट्ट्याला मेण लावायचं होतं, ऊन हवं म्हणून मी काम घेऊन फाटकापाशीच बसले होते. नवरा वर गेला, अभ्रा वर धरला. खाली टाकला. मला इथून चांगला दिसला, पांढरं पाखरू खाली बसावं तसा. काजळी सुटली. मी बाबांकडे बघितलं. बाबा तसेच उभे, अंगठा घड्याळावर, नजर माळावर. काजळी उतारावर — बाबा तसेच. काजळी ओढ्यापाशी, टापा ऐकू यायला लागल्या — तेव्हा बाबांनी विचारलं, "कोण येतंय गं? अजून सोडलं नाही ना?"

आणि भिंगरी फाटकातून आत!

"आबा, किती?"

बाबा घड्याळाकडे बघत राहिले. काटा शून्यावर. मग म्हणाले, "बटण अडकलं गं. जुनं झालंय." भिंगरी हसून लोळली. नवरा खाली आला, त्याला कळलं, तो बिनआवाजाचा हसला. मीही हसले.

मेण हातावर वाळून गेलं तेव्हा लक्षात आलं, मी कधीचं हसणं थांबवलंय.

१६ एप्रिल

बटण तपासलं. लोण्यासारखं चालतंय.

१८ एप्रिल

घसा सुटला. माळावरून "जाऽऽऽ!" आणि बाबांचा अंगठा लगेच खाली. सत्तावन्न. भिंगरी नाचतेय.

चहा ओतताना बाबांनी कपाच्या कडेवर बोट ठेवलं होतं. चहा बोटाला लागला की थांबले. किती सफाईनं! किती दिवस करताहेत कोण जाणे.

१९ एप्रिल

दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी. घोडे आत घेतले, मी आणि भिंगरी तबेल्याच्या दारात पेंढ्यांवर बसलो. दादासाहेब मागून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून पाऊस बघत होते. वीज चमकली. भिंगरी लगेच मोजायला लागली — एक, दोन, तीन, चार… गडगडाट. "लांब आहे अजून," ती म्हणाली. अगदी आबांच्या आवाजात.

हे बाबांनीच शिकवलं. मला, मग तिला. मी सहा वर्षांची असताना विजेला घाबरून त्यांच्या पोटात तोंड खुपसलं होतं, तेव्हा म्हणाले होते — "मोज. वीज आधी दिसते, आवाज मागून चालत येतो. बिचाऱ्याला घोडा नाही ना!" एक किलोमीटर चालायला त्याला तीन सेकंद लागतात. जेवढं मोजशील तेवढं वादळ लांब. मोजताना भीती पळून जाते.

आवाज मागून चालत येतो.

मी उठून उभीच राहिले. दादासाहेबांची हनुवटी निसटली, त्यांनी रागानं फुर्र केलं.

झाडापासून फाटकापर्यंत सातशे मीटर. दोन सेकंद! बाबांना अभ्रा दिसत नाही. ते हाकेवर घड्याळ लावतात. हाक पोचेपर्यंत काजळी दोन सेकंद पळालेली असते.

सत्तावन्न नाहीच. एकोणसाठ.

"आई, काय झालं? वीज बघून भूत बघितल्यासारखी काय उभी?"

"काही नाही," म्हणाले. "पाय आखडला."

आणि — हे लिहितेच — एका क्षणासाठी, अगदी वीज चमकावी तेवढ्या क्षणासाठी, मला आनंद झाला. माझा आकडा शाबूत आहे!

मग दुसरंच लक्षात आलं. बाबांना दिसत नाही. आणि मला आनंद कशाचा झाला?

२० एप्रिल

सांगायचं की नाही?

नाही सांगितलं तर पोर मोठ्या गटात जाईल. तिथं तिशीचे गडी, तापट घोडे, वळणावर खांद्याला खांदा. बाबांचा नियम उगाच नाही. सांगितलं तर तिचा आकडा जातो, आणि बाबांचं झाकलेलं उघडं पडतं. एका वाक्यात दोघं.

बरं, मी सांगणार ते खरं म्हणून, की माझं म्हणून? हा काटा निघत नाही. नवऱ्याला विचारलं असतं, पण तो कुजबुजला तरी माळावर ऐकू जातं.

पट्टा दोनदा उसवला आज. टाके वाकडे.

२१ एप्रिल

आधी बाबांकडे गेले. ते दादासाहेबांना खरारा करत होते. एकच बाजू तिसऱ्यांदा. दुसरी बाजू धुळीनं तशीच.

"बाबा, माळावरचं झाड दिसतं का इथून?"

"झाड आहे ना तिथं? मग दिसणारच."

"दिसतं का?"

हात थांबला. मग म्हणाले, "हिरवं काहीतरी दिसतं. ते झाड असावं असं धरून चालतो."

"कधीपासून?"

"थंडीपासून. तू रागावणार म्हणून नाही सांगितलं."

"मी कशाला रागावू?"

"बघ, रागावलीसच!"

हसायला आलं. डोळेही भरले. मग मी घड्याळाचं सांगितलं, हाक, दोन सेकंद, एकोणसाठ. वाटलं, चकित होतील. झाले नाहीत. विजेचं गणित ज्यांनी मला शिकवलं ते चकित कसे होणार! नुसता दादासाहेबांच्या मानेवर हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पोरीला सांग." मग आणखी काहीतरी बोलायचं होतं त्यांना. तोंड उघडलं, मिटलं. "दुसरी बाजू तू कर जरा," म्हणाले आणि खरारा माझ्या हातात देऊन निघून गेले.

डोळ्यांची लाज वाटली असेल.

२२ एप्रिल

सांगितलं.

भिंगरी आधी हसली — "चल, काहीही!" मग माझ्याकडे बघितलं. मग काजळीवर खोगीर चढवलं. "आत्ता मोज. तू मोज."

मोजलं. मी फाटकात, नजर अभ्र्यावर. नवऱ्याला बजावलं होतं — तोंडातून शब्द काढायचा नाही. त्यानं दोन्ही ओठ दातांत धरले होते म्हणे. अभ्रा पडला, मी बटण दाबलं.

एकोणसाठ. दम खाऊन पुन्हा — साठ. पुन्हा — एकोणसाठ.

ती उतरली. दारापाशी गेली, बाहीनं ५७ पुसलं आणि खडूनं ५९ लिहिलं. स्वच्छ, सरळ अक्षर. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अभिनंदन, आई. वाचला तुझा आकडा."

टोमणा नव्हता तो. नव्हताच का? माहीत नाही. अंगठ्यात दाभण घुसलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

दुपारी तिनं स्वतःच शर्यतीच्या मंडळाच्या सचिवांना फोन केला. "हो काका, छोटा गट. नाही, घोडी ठणठणीत आहे. आमच्या घरचा नियम आहे." सचिव म्हणाले, चार मेच्या दुपारी बारापर्यंत पुन्हा बदलता येईल. ती म्हणाली, "नाही बदलणार."

मग आबांपाशी जाऊन बसली. त्यांच्या डोळ्यांसमोर बोटं नाचवून — "आबा, किती?" "सात." "एका हाताला सात? आबा, आता डॉक्टर!"

मोठं मन कुणाकडून आलं हिच्यात? माझ्याकडून नाही.

२५ एप्रिल

डोळ्यांची डॉक्टरीण म्हणजे तिशीतली चुणचुणीत बाई. मोतीबिंदू, दोन्हीकडे. "आजोबा, इतके दिवस कसं चालवलंत?" बाबा म्हणाले, "घोडे असतात घरी. ते बघतात." तीस तारखेला उजवा डोळा करायचा, डावा पुढच्या महिन्यात.

भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर बाबा धडाधड वाचत गेले. बाई चकित! मग कळलं — आमच्या आधीचा पेशंट वाचत होता तेव्हा पाठ केली होती. बाईंनी पाटी उलटी केली. पकडले गेले.

२८ एप्रिल

छोट्या गटात भिंगरीबरोबर आहे तो सर्वांत मोठा स्पर्धक बारा वर्षांचा. तिनं त्याला काल खोगीर घट्ट कसं करायचं ते शिकवलं. जेवताना म्हणाली, "सुरुवातीच्या रेषेवर माझे गुडघे त्यांच्या कानाला लागणार." सगळे हसलो. ती सर्वांत जास्त.

तिच्या खोलीवरून जाताना बघितलं — मोठ्या गटाचा जुना नकाशा भिंतीवर तसाच. वळणांवर पेन्सिलीनं खुणा केलेल्या. काढला नाहीये.

३० एप्रिल

झालं ऑपरेशन! वीस मिनिटं. बाहेर आले ते एका डोळ्यावर पट्टी, चेहऱ्यावर समुद्री चाच्याचा रुबाब. डॉक्टरीणबाईंनी बजावलं — वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, तबेला बंद, दोन आठवडे वाचणं-लिहिणं बंद. शेवटचं ऐकून चेहरा पडला.

कारण हवेची वही! पन्नासेक वर्षं झाली, रोज एक ओळ. वारा कुठला, दव पडलं का, ओढ्याला पाणी किती. वर्षाला एक वही, सगळ्या माझ्या चामड्याच्या खोलीतल्या वरच्या फळीवर. मी इतकी वर्षं त्यांच्याखाली बसून शिवतेय, पण कधी उघडली नाही एकही. दुसऱ्याची रोजनिशी उघडायची नसते. मग ती हवेची का असेना.

"आता ओळ तू लिही," म्हणाले. लिहिली. 'हवा निरभ्र. वारा नाही. बाबा चिडचिड करताहेत.' शेवटचं वाक्य त्यांनी खोडायला लावलं.

१ मे

पट्टी निघाली. बाबा फाटकापाशी गेले आणि कितीतरी वेळ माळाकडे बघत राहिले. "अगं," म्हणाले, "झाडाला फांद्या आहेत!"

मग माझ्याकडे वळले. "तू कधी एवढी पिकलीस?"

नवरा एवढ्या मोठ्यानं हसला की दादासाहेबांनी आतून उत्तर दिलं.

३ मे

दुपारी बाबांनी हाक मारली. काळा चष्मा लावून अंगणात खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, शाळेत बसल्यासारखे.

"एक काम कर. फळीवरची वही काढ. तू सोळाची होतीस त्या वर्षीची."

"कशाला?"

"धुक्याचे दिवस मोजायचेत. नोव्हेंबरचे. यंदाशी ताडून बघायचंय."

"बाबा, यंदाचा नोव्हेंबर अजून यायचाय!"

"तू मोज गं. मला वाचायची बंदी आहे, तुला नाही." आणि चष्मा नसता तर नजर चुकवली म्हणाले असते मी.

गिऱ्हाईकाचे लगाम आज द्यायचे होते, वेळ झाला नाही. वही काढून ठेवली आहे. धूळ झटकली. उद्या सकाळी बघते. म्हातारपणी माणसाला काय काय मोजावंसं वाटतं!

४ मे

सकाळचे साडेसहा. वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवते.

'१७ नोव्हेंबर. माळावर ऊन. ओढ्यापासून फाटकापर्यंत दाट धुकं. वारा नाही. अभ्रा दिसणार नाही म्हणून हिला हाक मारायला सांगून ठेवलं होतं. ऐकू आली, स्पष्ट. घड्याळ हाकेवर लावलं. अठ्ठावन्न. दोन मिळवायला हवेत. पोर धुक्यातून बाहेर आली ती इतकी हसत, की नाही मिळवले. मोठ्या गटात जाऊ दे. बघू.'

साठ. माझे साठ होते. भिंगरीचे एकोणसाठ.

खिडकीतून बाबा दिसताहेत. काळा चष्मा, पाठ माझ्याकडे. मुद्दाम.

फॉर्म बारापर्यंत बदलता येतो. भिंगरीला उठवायला चालले.